बाबांच्या बाजूचा ब्रेक

न्यूट्रल

बाबा: तिकडून नाही. स्टिअरिंगच्या बाजूने बस.

ठमी: चेष्टा करताय?

बाबा: माझा खांदा दुखतोय.

आई: खांदा? मघाशी हिची ट्रंक जिन्यावरून कोणी उतरवली मग? माझ्या माहेरच्यांनी?

बाबा: म्हणूनच दुखतोय.

ठमी: मी नाही चालवणार, बाबा. टॅक्सी बोलवा.

बाबा: गाडी शिकवणाऱ्याची मुलगी टॅक्सीने गेली, तर गल्ली काय म्हणेल?

ठमी: गल्लीला काय म्हणायचं ते तिने दोन वर्षांपूर्वीच म्हणून घेतलंय. 'गाडीमास्तरांच्याच घरी दिव्याखाली अंधार.'

आई: निघायच्या वेळी कशाला ते, ठमे!

बाबा: परवाना आहे ना पाकिटात?

ठमी: शिकाऊ आहे. आईने हाताला धरून नेलं म्हणून काढला. चालवायला नाही काढला.

आई: मग काय, फोटो बरा येतो म्हणून काढला?

बाबा: तुझ्याकडे शिकाऊ परवाना, गाडीला शिकाऊची पाटी, शेजारी शिकवणारा. कायद्यात सगळं बसतं. आता तूही बस.

ठमी: आई, सांग ना गं यांना.

आई: माझ्या मांडीवर तुझी उशी आहे, पायाशी तुझी बादली आहे. मला मानसुद्धा वळवता येत नाहीये, मी काय सांगू? आणि तिकडे बादल्या मिळत नाहीत का गं?

ठमी: बादली तूच घेतलीस.

आई: मी? बरं. घेतली असेन.

बाबा: सीट पुढे घे. अजून. तुझे पाय पोचले पाहिजेत.

पहिला

बाबा: आरसा.

ठमी: बघितला.

बाबा: बाजूचा.

ठमी: तोही बघितला.

बाबा: क्लच सावकाश सोड. सावकाश... सावकाश म्हटलं की...

आई: अगं बाई!

बाबा: बंद पडली. पडू दे. पुन्हा चालू कर.

ठमी: स्टिअरिंग घट्ट धरलं होतं मी.

बाबा: गाडी पायाने बंद पडते, हाताने नाही. पुन्हा.

आई: हात राहू देत, ह्यांचे पाय बघ. आत्तापासूनच दाबून बसलेत. तुला सांगते ठमे, हा माणूस झोपेतही ब्रेक दाबतो. माझी पोटरी निळी पडलीये.

बाबा: शिकवणाऱ्याचा पाय तिथेच असतो. क्लासच्या गाडीला दुसरा ब्रेक बसवतात तो कशाला?

आई: गाडीला बसवतात हो. पलंगाला नाही.

ठमी: गप्प बसाल का दोघं? मला इंजिनचा आवाज ऐकू येत नाहीये.

बाबा: शाब्बास. आवाज ऐक. निघाली बघ.

दुसरा

आई: तिथे गेल्यावर त्या बेकरीतल्या बाईंना म्हणावं, आईने नमस्कार सांगितलाय.

ठमी: त्या मला ओळखत नाहीत, तुला कुठून ओळखणार?

आई: नमस्काराला काय ओळख लागते? आणि म्हणावं, मुलीला अंडं उकडताना लक्ष ठेवायला लागतं. पाणी आटून भांडं काळं करते. पाव भाजायला कोणी घेतली हिला, देव जाणे.

ठमी: मुलाखतीत अंडं उकडायला सांगितलं नव्हतं.

बाबा: पुढे डावीकडे.

ठमी: डावीकडे घड्याळवाल्या काकांचं दुकान आहे.

बाबा: बसस्टँडही तिकडेच आहे.

ठमी: मागच्या रस्त्यानेही जाता येतं.

बाबा: मागचा रस्ता खणलाय.

आई: कधी खणला?

बाबा: तू जरा...

आई: नाही, मी आत्ता सकाळी तिकडूनच दूध...

बाबा: खणलाय म्हटलं ना!

ठमी: हे ठरवून चाललंय. खांदाबिंदा काही दुखत नाहीये तुमचा.

बाबा: इंडिकेटर दे.

ठमी: मी त्या कोपऱ्यावरून दोन वर्षांत एकदाही गेले नाहीये.

बाबा: माहीत आहे. वही आणायलासुद्धा वळसा घालून जायचीस. एवढासा कोपरा, त्यासाठी अख्खं गाव पालथं घातलंस. जाताना तरी सरळ जा.

ठमी: काका दारात असले तर?

बाबा: तर असतील. दुकान त्यांचं आहे.

ठमी: तुम्हाला सोपं आहे. तुम्ही दर आठवड्याला त्यांना खुब्याच्या व्यायामाला घेऊन जाता. ते मागे बसतात, तुम्ही पुढे. माझ्याशी ते एक शब्द बोललेले नाहीत. मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळात बघत बसले.

आई: माझ्याशी तरी कुठे बोलतात. 'ठीक आहे', 'बघू'. आधी दारातून हाक मारून चहा मागायचे.

बाबा: मोडलेला खुबा आहे तो. त्यांचा आहे. कधी बोलायचं ते ते ठरवतील. तू इंडिकेटर दे.

(इंडिकेटरची टकटक.)

पुन्हा न्यूट्रल

बाबा: इथे का थांबवलीस? वळ की.

ठमी: एक विचारू?

बाबा: वळून विचार.

ठमी: नाही. आधी. त्या दिवशी काय झालं असं तुम्हाला वाटतं?

बाबा: आत्ता कशाला?

ठमी: सांगा ना. सगळ्यांना काय सांगता तुम्ही?

बाबा: काय सांगणार. न विचारता किल्ली घेतलीस. मैत्रिणीला मिरवायला नेलंस. बोलण्याच्या नादात समोर लक्ष नव्हतं. बेफिकिरी, दुसरं काय.

ठमी: किल्ली घेतली. मिरवायला नेलं. ते माझंच, ते कोणावर ढकलत नाहीये मी. पण लक्ष होतं माझं.

बाबा: लक्ष असतं तर काका दिसले असते.

ठमी: दिसले होते. लांबूनच दिसले होते. हातात भाजीची पिशवी होती, खाली बघत चालले होते.

आई: अगं, मग?

ठमी: मी पाय ब्रेकवर नेला. बाबांनी शिकवला तसा. टाच खाली, चवडा वर. टेकवला.

बाबा: टेकवला म्हणजे? दाबला नाहीस?

ठमी: टेकवला, आणि गाडी थांबायची वाट बघितली.

आई: वाट बघितली? गाडी काय आपली आपण थांबते?

ठमी: नेहमी थांबायची. मैदानावर बाबांबरोबर चालवायचे, तेव्हा मी पाय टेकवला की थांबायची. खांबाजवळ थांबायची, भिंतीजवळ थांबायची. बाबा म्हणायचे, ठमीचा पाय म्हणजे लोणी. एवढ्या जणांना शिकवलं, पण असा हलका पाय बघितला नाही.

बाबा: म्हणायचो खरा.

आई: अहो.

बाबा: मी दाबायचो.

ठमी: हो.

बाबा: माझ्या बाजूचा.

ठमी: मला माहीत नव्हतं, बाबा. मला वाटायचं तो माझाच पाय आहे.

बाबा: पण तू... मी तर सवयीने... माझं लक्षही नसायचं, माझा पाय आपोआप...

ठमी: माहीत आहे.

बाबा: तुला कधी कळलं?

ठमी: आपटल्यावर. बाजूला बघितलं, तर तिथे मैत्रीण बसली होती. आणि तुम्ही नव्हता.

आई: दोन वर्षं हे पोटात घेऊन बसलीस? कार्टे, एका शब्दाने बोलली असतीस तर! हे तुला उठताबसता बेफिकीर म्हणत होते. पाहुण्यांसमोर म्हणत होते. मीही म्हटलं.

ठमी: बोलले असते तर तुम्हाला पटलं असतं. त्याचीच भीती होती.

आई: हे काय उलटंच!

ठमी: बाबांनी क्लास बंद केला असता. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली असती. बेफिकीर मुलगी असणं परवडलं, पण बाबांनी घरी बसणं नको होतं मला.

बाबा: मग आज का सांगितलंस?

ठमी: आज मी चाललेय म्हणून. तिथे मला भट्टीवर उभं करणार आहेत, बाबा. पुरुषभर उंच भट्टी आहे. हात पोळू शकतो, शेजारच्याचा पोळू शकतो. आणि मला रोज रात्री एकच वाटतं, मी तिथेही पाय टेकवून नुसती वाट बघत राहिले तर? कोणीतरी थांबवेल म्हणून?

आई: ठमे...

ठमी: बाईंना फोन करून येत नाही म्हणून सांगणार होते काल. नंबर लावला पण होता.

आई: आणि?

ठमी: लागला नाही.

बाबा: तिकीट आहे ना जवळ?

ठमी: आहे.

बाबा: थांब जरा.

आई: आता हे काय? बूट कशाला काढताय? अहो, गाडी आहे ही!

बाबा: उशी दे इकडे. नको, राहू दे. बसलो नीट.

आई: अगं बाई, मांडी घातली! जेवायला बसल्यासारखे बसलेत. पट्टा पोटावर, पाय सीटवर. ठमे, बघितलंस का ध्यान?

ठमी: बाबा, हे काय करताय?

बाबा: आता मला काही दाबता येत नाही. गाडी काढ.

ठमी: नाही. मला नाही जमणार. पाय खाली घ्या.

बाबा: गुडघा आखडतो माझा, फार वेळ बसवत नाही असं. लवकर काढ.

पहिला

ठमी: आरसा बघितला.

बाबा: मी विचारलं नाही.

ठमी: सांगितलं.

दुसरा

आई: आलं दुकान.

ठमी: दार उघडं आहे.

आई: आत कोणी दिसत नाही. गेले वाटतं चहाला. बरं झालं, चल, ने अशीच सरळ...

ठमी: समोर.

आई: कुठे? अरे देवा. अहो, काका उतरले रस्त्यावर. इकडे बघतही नाहीयेत. अहो!

ठमी: बाबा!

बाबा: मी मांडी घालून बसलोय, ठमे.

ठमी: बाबा, पाय खाली...

बाबा: दाब.

—

आई: थांबली.

बाबा: श्वास घे.

ठमी: तुम्ही दाबला?

बाबा: कशाने?

ठमी: खरं सांगा.

आई: मी बघत होते. मी समोर बघितलंच नाही, ह्यांच्या पायांकडेच बघत होते. हलले नाहीत. अंगठे तेवढे आवळले होते.

ठमी: केवढी जोरात थांबली. लोणीबिणी काही नाही.

बाबा: नसू दे. थांबली ना?

ठमी: काका गेले?

आई: चाललेत. काठी टेकत टेकत. अर्ध्यात आलेत. आता पलीकडच्या फुटपाथवर चढले. बघितलंसुद्धा नाही गं आपल्याकडे! एवढा ब्रेक किंचाळला, मान वळवली नाही.

ठमी: रागावलेत अजून.

आई: रागावलेला माणूस चालत्या गाडीपुढे उतरेल का असा? गाडी थांबणार हे धरून चालला म्हणूनच बघितलं नाही त्याने.

ठमी: आई, उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.

आई: मी कधी बोलले बरं वाटावं म्हणून? अंड्याचं भांडं विसरलीस?

बाबा: मागचा हॉर्न देतोय. चल.

ठमी: गाडी बंद पडलीये.

बाबा: मग चालू कर. हॉर्न देणारा कुठे पळून जात नाही.

रिव्हर्स

बाबा: बसस्टँडच्या दारात लावू नकोस, मागे घे. अजून. खांब आहे.

ठमी: दिसतोय.

बाबा: दिसतोय म्हणतेस खरी...

ठमी: बाबा.

बाबा: गप्प बसतो.

हँडब्रेक

आई: हमालाने ट्रंक बसच्या टपावर नीट टाकली का गं? आणि पोचल्यावर फोन. मध्ये बस थांबली तरी फोन. न थांबली तरी.

ठमी: हो.

आई: आणि भट्टीपाशी केस बांधून उभी राहा.

ठमी: हो गं. रडू नकोस.

आई: मी कुठे रडतेय? उशीचा कापूस डोळ्यात गेलाय.

ठमी: बाबा, निघते.

बाबा: हं.

ठमी: तुम्ही आता पाटी उतरवणार का?

बाबा: नाही.

ठमी: नक्की?

बाबा: उद्या सकाळी दोन नवीन येणार आहेत शिकायला. त्यांना पहिल्याच दिवशी हा दुसरा ब्रेक दाखवणार आहे. हात लावून दाखवणार आहे. मी कधी दाबला ते दर वेळी तोंडाने सांगणार.

ठमी: मग ठीक आहे.

बाबा: ठमे. पाहुण्यांसमोर तुला बेफिकीर म्हणालो ना मी.

ठमी: हो.

बाबा: त्या सगळ्यांकडे जाऊन येतो.

ठमी: आत्याकडे गेलात तर जेवूनच यावं लागेल.

बाबा: जेवीन.

ठमी: गुडघा कसा आहे?

बाबा: आखडलाय. तू बस जाऊन, मी उतरत नाही. इथून दिसते मला बस.

न्यूट्रल

आई: गेली.

बाबा: हं.

आई: खिडकीतून हात केला. तुम्ही वर बघितलंच नाही.

बाबा: बघितलं. आरशात.

आई: अगं बाई! बादली राहिली की!

बाबा: तिकडे मिळतात बादल्या.

आई: हो. मिळतात. मीच म्हटलं मघाशी.

बाबा: मी स्टिअरिंगवर सरकतो, तू पुढे येऊन बस. मागे एकटी काय बसतेस.

आई: येते. हे काय येतंय पायाखाली? हाच का तो?

बाबा: हाच.

आई: एवढुसा? मला वाटलं केवढा असेल. आणि तुम्ही सीट मागे घ्या आधी. गुडघे टेकलेत स्टिअरिंगला.

बाबा: घेतो.

आई: घेतो म्हणता आणि गाडी चालू करता.

बाबा: घरी गेल्यावर घेतो.

आई: बरं.

बाबा: तुझे पाय कुठायत?

आई: वर घेतलेत. काढा सावकाश.