गाठ सुटली नाई

काय सांगू भाऊ तुमाले, मी आसगावची ढिवराची पोरगी, दिली तेही ढिवराच्याच घरी, तलाव अन् जाळं सोडून मले काई मालूमच नव्हतं. तलाव आटला त्या साली मी, माहा नवरा अन् माहा लहाना देवर सुका, आमी तिघं नागपूरले बिल्डिंगच्या कामावर गेलो. सात माळ्याची बिल्डिंग, तिले बाहेरून दगडाच्या लाद्या लावून राहिले होते, अन् माल खाली सडकेवर पडू नये म्हणून बांबूच्या परांचीले चहूबाजूनं चटईवानी विणलेले तट्टे बांधले होते. खाली वारा मालूमच पडत नव्हता, पण वरतं कोपऱ्यावर असा घुमे का लुगडं दातात धरून घमेलं न्या लागे.

तिथले जुने मजूर तट्ट्याले ढिली गाठ मारत. वारा जोराचा आला का गाठ सुटे, तट्टा उडून जाय, परांची उभी राहे. हे आमाले कोणी सांगतलंच नाई. ठेकेदाराले तट्टा उडाला का राग ये. तो म्हणे तुमी जाळेवाले ना, अशी बांधा का एकबी तट्टा हालला नाई पायजे. मंग दोघा भावायनं जाळ्याची गाठ मारली, ओढली का आवळतेच ते. ठेकेदारानं वरतं येऊन सोताच्या हातानं ओढून पाह्यली, खुश झाला, बाकीच्यायले दाखवली.

अन् एका दुपारी वावधन आलं, झाडं मोडणारा वारा. एक गाठ सुटली नाई, भाऊ. तट्टे फुगले अन् सारी परांची भिंतीपासून ओढून घेऊन गेले. सुका वरतं होता. मी खाली रेती चाळून राहिली होती, माह्या डोयासमोर पडला तो.

पोलीस आले त ठेकेदार म्हणते, मी नाई म्हणत होतो, ह्या मासेवाल्यायनं चुकीचं बांधलं. माह्या अंगाची आग झाली. मी समोर जाऊन म्हटलं, तूच ओढून पाह्यली ना रे, आता कायले खोटं बोलतं.

त्याचा राग मी मरतपर्यंत जात नाई. पण त्याच्याहून जास्त राग मले ह्या माणसाचा येते, तो खाटेवर बसला आहे ना, त्याचा. ह्यानं ते खरं धरलं. म्हणते, माह्या गाठीनं माहा भाऊ मेला. गावी परत आलो तवापासून जाळ्याले हात नाई लावत, तलावावर मलेच जा लागते. ठेकेदार तिकडं दुसरी बिल्डिंग बांधून राहिला, अन् झोप उडाली ह्याची. तुमी लिहून राहिले ना, देव तुमचं भलं करो, त एवढं लिहा का गाठ चांगली होती, अन् जाताना त्याले मोठ्यानं वाचून दाखवा. माहं ऐकत नाई तो.