अकरावं प्रवचन

(इंग्लंडमधलं एक खेडं, अठरावं शतक. हेस्टरच्या दारात शेजारचे म्हातारे मिस्टर थर्स्बी.)

थर्स्बी : ...अगं, कापणीच्या वेळी नेलेलं पुस्तक नाताळ आला तरी तुझ्याकडेच! दुकान थाटायचंय की काय, हेस्टर?

हेस्टर : आधी आत या, वारा घुसतोय. लंडनचं वर्तमानपत्र आणलंत?

थर्स्बी : वाचून व्हायचंय.

हेस्टर : गावात मिळून एकच वर्तमानपत्र, वर्गणी सगळ्यांची सारखी, आणि माझ्या हातात येईपर्यंत त्यावर लोण्याचे डाग! लढाई कधीच संपलेली असते आणि मी आपली काळजी करत बसते.

थर्स्बी : विषय बदलू नकोस. तुझ्या वडिलांची ती छापील प्रवचनं दे. उद्या मोठे धर्मगुरू जेवायला येतायत, त्यांना दाखवायचीत.

हेस्टर : तुम्हाला फार आवडली होती ना?

थर्स्बी : किती वेळा सांगू? त्याच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून सांगितलं होतं मी, अकरावं वाचून डोळ्यांत पाणी आलं म्हणून.

हेस्टर : तिथेच होते मी, काढा घेऊन. तुम्ही गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून हसत होते. महिनाभर नुसता कण्हणारा माणूस.

थर्स्बी : मग झालं तर!

हेस्टर : काय झालं? हे बघा. प्रस्तावनेपुरतीच पानं कापलीत. पुढच्या सगळ्या कडा छापखान्यातून आल्या तशा जोडलेल्या, सुरीनं कापल्याशिवाय पान उघडतच नाही. अकराव्यात शिरायला उंदीर व्हावं लागेल!

थर्स्बी : ...मग कापायचीस की तू.

हेस्टर : उसन्या पुस्तकाला सुरी लावू? बाबांनी तेवढं वळण लावलंय. आमची प्रत नव्या पाद्रीणबाईंनी नेली ती गिळलीच, म्हणून तुमच्याकडे तोंड वेंगाडलं. तेव्हापासून फटीतून डोकावतेय. मान आखडली माझी!

थर्स्बी : त्याला बरं वाटावं म्हणून बोललो गं. प्रवचन म्हटलं की मला झोप येते. तो द्यायचा तेव्हाही यायची.

हेस्टर : माहीत होतं त्यांना. पहिल्या बाकावर घोरायचात तुम्ही. तरी विश्वास ठेवला त्यांनी! त्याचाच संताप येतो मला.

थर्स्बी : आता काय करू म्हणतेस?

हेस्टर : ही घ्या सुरी. बसा. अकरावं कापा आणि मोठ्यानं वाचा.

थर्स्बी : आणि रडू नाही आलं तर?

हेस्टर : झोपू नका, एवढं पुरे.