टाकीवरच्या कुरडया

काय सांगू तुम्हाला माझं, सांगण्यासारखं काय हाय त्यात, पण विचारताय तर बसा त्या बाजेवर, जरा सावलीला सरका. माझं माहेर येवल्याकडचं, कालव्याच्या काठचं, लहानपणी पाण्याची वाण अशी कधी पाहिली नाय, म्हशी पाण्यात तर आम्हीबी पाण्यात. आन् दिली कुठं, तर इकडं नांदगावच्या अंगाला, या मळ्यात, जिथं उन्हाळ्यात मोटर लावली की पाण्याआधी वारंच येतं. आमच्या गावच्या बाया बापाला म्हणायच्या, पोरगी उन्हात टाकली रे. पण माणसं चांगली मिळाली, खोटं कशाला बोलू.

सासू मात्र लय कडक. लग्न होऊन आले, हळद अजून निघाली नव्हती अंगाची, तर पहाटं उठवलं आन् म्हणली चूल मागून, आधी हाळ भर. तो बघा, विहिरीपाशी दगडाचा डोण दिसतो का, तो हाळ. वाटंनं जाणाऱ्या कुणाच्याबी जनावराला पाणी प्यायला. मी नवी नवरी, मनात म्हणले, आपल्या घरात प्यायला पुरंना आन् दुसऱ्याच्या गुरांना कशाला. तिला कळलं असावं, ती म्हणली, माणूस मागून पितं गं, मुक्या जनावराला मागता येत नाय. ती मरंपर्यंत हाळ कोरडा पडला नाय, आन् ती गेल्यावर मी कधी पडू दिला नाय. यंदापर्यंत.

आता ते यंदाचंच सांगते, कारण बाकी आयुष्यात शेण, चूल, कांदे आन् पोरांची लग्नं, तेच सगळ्यांचं असतं.

माझी लेक नाशकात दिलेली, तिकडं द्वारका चौकाच्या पुढं त्यांचा फ्लॅट हाय. गेल्या दिवाळीत आम्ही घरापाशी सिमेंटची टाकी बांधली, ती बघा, मोटर चालंल तेवढ्यात भरून ठेवायची आन् दिवसभर वापरायची. लेकीनं फोनवर पोरीला टाकी दाखवली, झालं, तवापासून नातीचा एकच घोष, आजी मला त्यात डुंबायचं. सहा वर्षांची हाय, बोलती लय गोड. मी म्हणले ये बाई, तुझीच हाय. आन् मग काय, विहीर खाली खाली चालली तसा माझा जीव त्या टाकीत अडकला. ती येईपर्यंत टाकी काठोकाठ पायजे. म्हणून हाळ भरायचा सोडला. मालकानं, म्हंजे आमच्या ह्यांनी विचारलं, हाळ कोरडा का, तर मी म्हणले चिरलाय, गळतो. तो दगड, त्याला काय व्हतंय. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी बघितलंबी नाय, बायको म्हणती म्हंजे चिरलाच असंल. असा भोळा माणूस हाय हा.

लेक-नात आल्या. आमचे हे कांदे घेऊन ट्रॅक्टरनं लासलगावला गेल्ते, तिकडं नंबर लागायचा म्हणून मुक्काम. आम्ही मायलेकी कुरडया करत होतो. गहू भिजत घातले, वाटले, चीक शिजवला, नातीला वाटीभर चीक दिला साखर घालून, आन् सोऱ्या दाबून दाबून माझे हात भरून आले. तेवढ्यात टेकाडाच्या पल्याड धुरळा दिसला. मला कळलं, मेंढरं आली.

दरसाल येतात ती धनगर माणसं, चैत्र सरता सरता चाऱ्यासाठी खाली जातात आन् मिरगाच्या आधी ह्याच वाटंनं माघारी. आमच्या रानात रातभर मेंढरं बसवतात, आम्हाला खत मिळतं, त्यांना आम्ही बाजरी देतो. त्यातली ठकूबाई माझ्याच वयाची, दरसाल बांधावर बसून माझ्याबरं सुखदुःख बोलणारी. म्हंजे कुणी परकी नाय बघा, परकी असती तर एवढं लागलं नसतं मला.

धुरळा दिसला आन् माझ्या हातांनी काय केलं ते माझं मलाच कळलं नाय. सरळ टाकीवर पत्रे टाकले, पत्र्यावर जुनं लुगडं पसरलं आन् त्यावर कुरडया घालायला लागले. लेक म्हणली आई, बाजेवर जागा हाय की. मी म्हणले गप, इथं ऊन चांगलं लागतं.

ठकूबाई आली, लाल झालेलं तोंड, पदरानं वारा घेत. मागं मेंढरं, जिभा बाहेर, आन् सगळी कुठं गेली तर हाळाकडं. सवय ना त्यांना. कोरड्या दगडाला तोंड लावून उभी राहिली, एकमेकांच्या अंगावर चढून बघायची, पुढचीला मिळालं आन् आपल्याला नाय असं वाटलं असंल. ठकूबाई म्हणली माय, हाळ कोरडा गं. मी म्हणले काय करू ठकू, विहीर आटली, प्यायला पुरंना. तिला तांब्याभर पाणी दिलं माठातलं, तिनं अर्धं प्यायलं आन् अर्धं एका गाभण मेंढीला पाजलं हाताच्या ओंजळीनं. आन् बसली कुठं, तर टाकीला पाठ लावून. म्हणली, कुरडया झ्याक पडल्या गं माय.

मी तिला दोन ओल्या कुरडया खायला दिल्या. 

उठताना ती म्हणली, आज बसवत नाय मेंढरं, पुढं तळ्यापर्यंत न्यावं लागंल. तळं किती लांब हाय तुम्हाला ठाव नाय, धडधाकट माणूस चालून थकतं. विहिरीकडं बघून तिनं हात जोडले आन् म्हणली, देवा, माझ्या मायच्या विहिरीला पाणी लागू दे, लेकरं आलीत तिच्या घरी. आन् गेली. मेंढरं हाळापासून हालंनात, काठीनं हाकलावी लागली.

नात म्हणली आजी, टाकीत तर पाणी आहे ना. मी म्हणले ते तुझ्यासाठी हाय. तिनं डुंबायला पण मागितलं नाय त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल आली. ठकूबाईचा मालक. मागं निळा कॅन बांधलेला, पाण्यानं भरलेला. म्हणला, पुढच्या गावात टँकर आल्ता, रांगेत उभं राहून घेतलं, बायकोनं धाडलं. म्हणली त्या बाईच्या घरी शहरातली लेकरं हायती, त्यांना तहान सोसत नाय, आपण काय, आपण चालती माणसं. लवकर ओतून घ्या बाई, कॅन माघारी पायजे.

नातीनं कॅनला हात लावला आन् विचारलं, आजी, हे कुठं ओतायचं?

काय सांगू तुम्हाला. माठ भरलेला, हंडे भरलेले, बादल्या भरलेल्या, टाकी काठोकाठ. घरात एक भांडं रिकामं नव्हतं. तो माणूस दारात उभा, आन् मी कुरडया उलथल्यासारखं करत टाकीपुढं आडवी उभी. धरणी दुभंगून पोटात घेती म्हणतात, तशी घेतली असती तर बरं झालं असतं. मी म्हणले दादा, कॅन राहू द्या, माघारी याल तवा देते. तो म्हणला बरं, आन् चहा पण न घेता गेला, मेंढरं पुढं निघाल्ती. खरं सांगायला तोंड व्हतं मला, तेव्हा उघडलं नाय.

तो कॅन मी हाळात ओतला. तळ ओला झाला नुसता. मग पत्रे काढले, कुरडया गेल्या मातीत, जाऊ द्या, आन् टाकीतून बादल्या काढकाढून हाळ भरला. नात पण तिच्या छोट्या तांब्यानं ओतत व्हती. लेक म्हणली आई, आता कुणासाठी? मी पुढची बादली काढली. सांजच्याला एक कुत्रं आलं आन् प्यालं, बस.

हे लासलगावहून आले, हाळ भरलेला बघून म्हणले, अरे वा, चीर बुजवली का? मी म्हणले बुजवली. अजून सांगितलेलं नाय त्यांना. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते.

आता मिरग जवळ आला. कॅन धुऊन तिथं खुंटीला टांगलाय, कुणाला हात लावू देत नाय. रोज पहाटं चुलीआधी हाळ भरते, विहीर खालीच चाललीय, आता खरंच प्यायला पुरंना, देव पण कसा ऐकतो बघा, माझं खोटंच खरं केलं. टेकाडावर धुरळा दिसला की बाहेर येते. कॅन हातात देताना सांगणार हाय तिला, टाकी दाखवूनच सांगणार, मग ती बोलू दे नायतर थुंकू दे. आन् ती आलीच नाय, दुसऱ्या वाटंनं गेली, तर मग हा कॅन मी मरंपर्यंत इथंच टांगलेला राहील.

तिनं माझ्यासाठी देवाजवळ पाणी मागितलं, माझ्या घरात पाणी असताना. ते मागणं माझं नाय. ते पाणी जिथं तिची मेंढरं उभी असतील, तिथं पडू दे.