ओट्याची फरशी, काळी का पिवळी?

...आन वरून म्हणती कशी, ‘मामा, तुमाला आवडंल त्यो रंग घ्या!’ ऐकलंत? सून म्हणती! आता तुमीच सांगा, कोणती सून सासऱ्याला असं म्हणती? अहो, मन्मथअप्पा म्हणत्यात मला, जिंतूरच्या मोंढ्यात भुसाराचं दुकान हाय, माणसाचं तोंड बगून त्याच्या तुरीत खडे किती ते सांगतो, आन मला कळंना व्हय? मनात म्हणलं, अप्पा, कुठंतरी पाणी मुरायलंय!

झालं काय, तुमाला सांगतो... तिकडं लढाई पेटलेली, बाजारात घासलेट मिळंना, साखर मिळंना, आन आमच्या घरात कशावरून गोंधळ, तर ओट्याच्या फरशीवरून! सून नीलम्मा गुलबर्ग्याकडची. तिच्या माहेरी म्हणं बाया उभ्यानं सैंपाक करत्यात! कमरेइतका ओटा, ओट्यावर फरशी, फरशीवर चूल. आमच्यात चूल जमिनीवर. आमची मंडळी, चन्नबसम्मा, चुलीम्होरं मांडी घालून बसणार, भाकरी थापणार, आन तिथूनच सगळ्या घरावर हुकूम सोडणार. मंग सुनेनं ओटा मागितला म्हंजे काय? सरळ हाय की! सासूला उभ्यानं जमणार न्हाई, सासू भाईर, सून गादीवर! दरबारात बी असला डाव कुणी टाकला नसंल!

आन दुसरं बगा. सासरा घरात आला का सून उठून उभी ऱ्हाती, ही रीत. ती आधीच उभी आसंल तर मी काय समजायचं? माझ्यासाठी उभी हाय का वरणासाठी?

पोरगं आमचं, गुरुपाद, त्ये तर बायकोच्या तोंडाकडं बगून म्हणतंय, ‘घ्या की अप्पा!’ म्हणलं, घेऊ. पर रंग मी ठरवणार! का? तर रंगावरून भांडण लागंल, भांडण लागलं का ओटा बारगळंल. कशी युक्ती?

गेलो मोटारीनं परभणीला. ठेसनाजवळ बन्सीधरची फरशीची वखार, मालगाडीतून शहाबादी उतरती तिथं. बन्सीधरनं मला बगितलं न्हाई तोच फरशीवर तांब्याभर पाणी वतलं! ‘बगा अप्पा, कशी काळीभोर! तोंड बगा तोंड, आरसा हाय!’ म्हणलं, पाणी कामून वतलं? ‘धूळ जावी म्हणून!’ धूळ! बरं... बसलो तिथंच उन्हात, तंबाखू मळत. वाळलं पाणी, आन काळीभोर फरशी झाली उंदराच्या रंगाची! म्हणलं, बन्सीधर, हे काय? तर म्हणतो, ‘सैंपाकघरात पाणी सांडतंयच की अप्पा, कायम काळीच दिसंल!’ हाय का उत्तर?

मी बी खमका. तुकडे घेऊन आलो घरी: घोटीव काळा, घोटीव पिवळा आन एक खरबरीत करडा. अंगणात मांडले, त्याच्यावर हळद टाकली, तेल टाकलं, चिंच टाकली... शेजारीपाजारी बगायलेत, ह्यो अप्पा दगडाला फोडणी द्यायलाय का काय! चिंचेनं काळ्याची झिलई गेली, पांढरा डाग! बलावलं नीलम्माला. म्हणलं, काळी नको, डाग पडत्यात. ‘बरं, मामा.’ पिवळी बी नको, डोळ्याला बरी दिसंना. ‘बरं, मामा.’ मंग खरबरीत घेतो, घासून घासून हात सोलतील तुझे! ‘बरं, मामा.’

भांडंना! अहो, बाई भांडंना! रंगाशी हिला घेणं न्हाई, झिलईशी घेणं न्हाई, मंग हिला पायजे काय? म्हणलं न्हवतं, कुठंतरी पाणी मुरायलंय!

मंग आला मुंजाजी गवंडी, हातात गाठ मारलेली सुतळी. म्हणला, ‘एवढा उंच करायचा, अप्पा.’ बगितलं तर सुतळी आखूड! सून आमची ताडमाड. म्हणलं, हे माप कुणी दिलं? ‘सूनबाईनंच.’ आता हिला ओट्यावर बी वाकायचंच हाय, तर ओटा कशाला?

दुसऱ्या दिशी दुकानाला जातो म्हणून निघालो, आन मागच्या दारानं परत! माझ्याच घरात, माझ्याच जवारीच्या कणगीमागं, ह्या वयात, चोरावानी उभा!

चन्नबसम्मा चुलीम्होरून उठायलीय. आधी हात भुईला. मंग भिंतीला. मंग उतरंडीला... उतरंड हालली, परत खाली बसली. मी आपला समजायचो, बाई उठायला येळ लावती म्हंजे तोरा दावायलीय! नीलम्मानं बगलंत हात घालून उचलली तिला. तशी चन्नबसम्मा म्हणाली, ‘ह्यांला सांगू नको बाई. म्हणतील, म्हातारी झालीस, चूल सुनेला दे आन जप करत बस. चूल सुटल्यावर म्या ह्या घरात करू काय?’

आन सून काय म्हणती? ‘आत्याबाई, ओटा तुमच्या मापाचा हाय. म्या वाकून करीन. रंग कोणता बी घेऊ द्या मामांला.’

तुमाला सांगतो... तेवढ्यात नाकात जवारीचं कुसळ गेलं, शिंकलो! ‘कोण हाय?’ म्हणलं, मी हाय... उंदरं बगायलोय.

संध्याकाळी सगळे तुकडे धुऊन चन्नबसम्माम्होरं ठिवले. म्हणलं, तुला कोणता आवडतो? तिनं तुकड्याकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं... म्हणाली, ‘लगीन झाल्यापसून कधी लुगड्याचा रंग इचारला न्हाई, आज दगडाचा कामून इचारायलात? कुठंतरी पाणी मुरायलंय!’

घ्या! मंग बोटानं चाचपून तिनं खरबरीत करडीच उचलली. म्हणाली, ‘घोटीववर परात सरकती.’ संपलं! मी चिंच, हळद, तेल नासलं, ते नासलंच.

ओटा झाला. चन्नबसम्मा उभ्यानं भाकरी थापायलीय, हुकूम आता वरून सुटायलेत, पार दुकानापतूर ऐकू यायलेत! नीलम्मा वाकून भाजी चिरायलीय. म्हणलं, पोरी, कंबर दुखत आसंल तुझी. ‘बरं हाय, मामा.’ आन मी? मी खाली, पाटावर! पयले मंडळी समोर बसून वाढायची. आता आभाळातून भाकर पडती ताटात! कालवण मागायचं तर मान वर करावी लागती. चटणीला मान वर, मिठाला मान वर... तिचे गुडघे मोकळे झाले, माझी मान आखडली! वैद्याला दावली. त्यो म्हणला, ‘अप्पा, खाली बगून जेवा, मागू नका.’

तवापसून जे पडंल ते खायलोय.