अकरा दहाची घंटा

नाव : सिद्धराम येडू बंडगर, वय २४ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा लूम कामगार, सध्या रा. सुरत, मूळ रा. अक्कलकोट रोड एमआयडीसीमागील वस्ती, सोलापूर.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, पुतणीच्या शाळेतल्या वहीबद्दल मी सुरतेहून इथं दोनदा फोन केला होता, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. शाळेचं भांडण शाळेत मिटवा, असंच उत्तर मिळालं. म्हणून खाडा करून स्वतः आलो आणि सोमवारी लेखी अर्ज दिला.

माझा थोरला भाऊ तिप्पण्णा याची मुलगी सृष्टी, वय ८, हिला ऑटिझम आहे. ती मोजकं बोलते. अचानक मोठा आवाज झाला की कान झाकून ओरडते. तिच्या वर्गाच्या वैजयंती मॅडम तिच्या नावाची वेगळी वही ठेवतात. भावानं त्यातलं पहिलं पान मला फोनवर पाठवलं. त्यात, "११.१० ओरडली. आधी : घंटा. नंतर : बाहेर नेली," असं रोजचं होतं. मला वाटलं, बाई पोरीच्या नावावर गुन्हे जमवतात आणि एक दिवस वही पुढं करून तिला काढणार. याआधी दोन शाळांनी तिला काढलं आहे.

अर्जावरून मॅडमना चौकशीचा निरोप गेला. वहिनीनं भिऊन सृष्टीला घरी ठेवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार ती दप्तर अडकवून उंबऱ्यात उभी होती. मी घरीच होतो.

माझी आई गोजाबाई पूर्वी मेंढरं राखायची. ती म्हणाली, "शिद्या, मेंढरू बुजलं तर मेंढराला बदडतोस व्हय? कशाला बुजलं म्हणून झुडपाकडं बघायचं की. बाई झुडपाकडंच बघायल्यात."

शुक्रवारी मी हवालदारसाहेबांसोबत शाळेत गेलो, सृष्टीला घेऊन. मॅडमनी सगळी वही दाखवली. पुढं लिहिलं होतं की, घंटेआधी पाच मिनिटं घंटेचं चित्र दाखवलं, तरी ओरडली. मग, चित्र दाखवलं, कान झाकले, ओरडली नाही, लगेच शाबासकी आणि झोका. शेवटच्या पानावर, घंटा तिनंच वाजवली. हवालदारसाहेब म्हणाले की, इतकी नीट नोंद आमच्याकडंही होत नाही. हे जबाबात लिहू नका म्हणाले, पण मी लिहायला लावलं आहे.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मॅडमनी तिला चित्र दाखवलं. ती मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेली. आधी माझे दोन्ही हात माझ्या कानांवर ठेवले, मग टोले दिले. दोन द्यायचे असतात, तिनं सात दिले. हवालदारसाहेबांनीही कान झाकले, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी मॅडमची माफी मागितली. त्यांनी हसत वहीत लिहिलं, "आधी : काका आले. नंतर : तीन दिवस गैरहजर." ते खरं आहे. माझी तक्रार राहिली नाही, अर्ज मागं घेतो. सृष्टीला त्याच शाळेत, त्याच मॅडमकडं ठेवावं.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मी बोललो तसंच उतरलं आहे. एक राहिलं, ते सहीच्या वर घ्यावं : चित्रांची कार्डं पोरीच्या हातात चुरगळतात, त्यांना प्लॅस्टिक चढवायला दहा तारखेच्या पगारातून मॅडमकडं पाठवतो, रुपये सहाशे चाळीस.