अण्णांचा सायलेन्सर

नाही, मला तुम्ही एक सांगा... माणसानं आपल्याच गाडीचा सायलेन्सर बदलला तर तो काय खून आहे का? नाही ना? मग गेले दोन महिने घरात सगळे माझ्याकडे असं का बघतात? आई बघते, बायको बघते, शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर तर गॅलरीतून चष्मा कपाळावर सरकवून बघतात! अहो, मी फक्त सायलेन्सर बदलला हो! इंजिन नाही बदललं, आडनाव नाही बदललं... फक्त सायलेन्सर!

तुम्हाला सांगतो, गाडी तशी माझी नाहीच. माझ्या वडिलांची, अण्णांची. शंभर सीसीची, सव्वीस वर्षांची, टाकीचा रंग गुडघे घासून घासून गेलेला. अण्णा एका छापखान्यात स्टोअरकीपर, आणि स्वभाव असा की गाडी कधी गॅरेजला म्हणून दिली नाही. सगळं घरी! एकदा सायलेन्सर खालून सडला, चांगलं अंगठ्याएवढं भोक पडलं, तर दुसरा कुणीही नवा आणेल की नाही? अण्णांनी छापखान्यातल्या शाईच्या डब्याचं झाकण कापलं, भोकावर बसवलं, दोन पट्ट्या आवळल्या आणि हात पुसत म्हणाले, "कंपनीला जमलं नसतं." आता त्या झाकणानं आवाज काय झाला म्हणता? फट्-फट्-फट्-फट्... मध्येच एक बारीक शीळ, सुईंईं... पुन्हा फट्-फट्-फट्... आणि गाडी बंद केली की शेवटी एक ठसका. ख्ख! जगात दुसऱ्या गाडीचा असा आवाज नाही, पैज लावून सांगतो.

हा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की काय पळापळ व्हायची! आई उठून आधी दाराची कडी काढणार, मग गॅसवर आधण ठेवणार. पोस्टमास्तर गल्लीत टाकलेली आपली खुर्ची मुकाट आत घेणार, कारण अण्णा विचारायचे, "रस्ता तुमच्या पोस्टाचा आहे का?" आणि मी... सांगायला लाज वाटते, पण लग्न झालेला बाप्या मी, टीव्ही बंद करून हातात पेपर धरायचो. एकदा तर उलटा धरला होता.

मागच्या वर्षी अण्णा गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास नाही, कुणाला हाक नाही. माझी स्कूटर तेव्हा मोडीतच निघाली होती, म्हणून मी अण्णांची गाडी घेऊन ऑफिसला जायला लागलो. त्यात काय विचार करायचा? गाडी ती गाडी! पहिल्या दिवशी सव्वासहाला मी गल्लीत वळलो... फट्-फट्-सुईंईं... आणि काय सांगू तुम्हाला, पोस्टमास्तरांनी खुर्ची आत घेतली! आमच्या घरातला टीव्ही बंद झाला! कडी निघाल्याचा आवाज मला गाडीवर बसून ऐकू आला! आणि दारात आई. डोळ्यांत असं काही होतं की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. एक क्षणभरच. मग तिला मी दिसलो.

"तू होय," म्हणाली, आणि आत गेली.

रागावून नाही हो, अगदी साधं. "तू होय." पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, "आई, मीच येतो गं रोज, माहीत आहे ना तुला?" तर म्हणते, "माहीत आहे रे. पण आवाज आला की पाय आपोआप उठतात." बरं, हे एक दिवस ठीक, आठ दिवस ठीक... वर्षभर? वर्षभर रोज सव्वासहाला मी माझ्याच घराच्या दारात कमी पडायचो. लागतं हो मनाला. आपल्या आईनं आपल्याला बघून निराश व्हावं, आणि तेसुद्धा अगदी वेळेवर!

म्हणून मी सायलेन्सर बदलला. घरी सांगितलं, ॲव्हरेज वाढेल, पिकअप वाढेल... सगळ्या थापा. मला फक्त तो आवाज घालवायचा होता.

गेलो मेकॅनिककडे. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण हा पठ्ठ्या स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावतो, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून घेतो. आपल्याला वाटतं, आता म्हणेल, नातेवाइकांना बोलावून घ्या! मला म्हणाला, "साहेब, हा लांबडा काढू. त्याजागी हा छोटा बसवू, आतून मोकळा, जाळी नाही काही नाही. गाडी श्वास घेईल!" मी म्हटलं, घेऊ दे बिचारीला. त्यानं जुना उतरवला, झाकणावर टकटक केलं, दोनदा उलटापालटा करून बघितला आणि कोपऱ्यात ठेवला. मी विचारलं नाही, तो काही बोलला नाही. चूक झाली ती तिथं. पण माणूस दाढ काढून आल्यावर दाढ मागतो का?

नवीन आवाज काय वर्णावा! ढर्रर्र... आणि ॲक्सिलरेटर सोडला की ढाम्! ढाम्! मागून फटाके! डॉक्टर म्हणतो, "हवा जास्त जातेय, कार्ब्युरेटर सेट करू नंतर." नंतर! मी गल्लीत वळलो तर पोस्टमास्तर खुर्चीसकट मागे सरकले, कुत्री भुंकायची विसरली. पण आमचं दार? बंद! मी बेल वाजवली. आईनं शांतपणे दार उघडलं, म्हणाली, "आलास? पाय धू." तुम्हाला सांगतो, मला रडूच आलं आनंदानं. "तू होय" नाही! वर्षभरानं मी माझ्या घरी मी म्हणून आलो होतो!

हातपाय धुतले, चहा घेतला, पहिला घोट घेतला... आणि गल्लीच्या तोंडाशी...

फट्-फट्-फट्-फट्... सुईंईं...

माझा कप हवेतच. बायकोनं रिमोटचं बटण दाबलं, टीव्ही बंद. बाहेर पोस्टमास्तरांची खुर्ची सरकली. माझी गाडी दारात उभी आहे, मला खिडकीतून दिसतेय, इंजिन अजून गरम आहे... आणि अण्णा गल्लीतून येतायत! आई उठली, कडी काढली, दार उघडलं... आवाज जवळ आला, अगदी दारापर्यंत आला, आणि एकदम जोरात रेस होऊन पुढे निघून गेला. गेला!

आई उंबऱ्यातच उभी. हळूच म्हणाली, "थांबले नाहीत."

आणि हे रोज! रोज साडेसहाला! बायको माझी विज्ञानाची शिक्षिका, वर्गात मुलांना भूत नसतं म्हणून शिकवते, ती स्वयंपाकघरातून म्हणते, "अहो, हवेच्या दाबानं आवाज लांबून येऊ शकतो... पण तुम्ही आधी दार लावा!" आई मात्र दार लावू देईना. साडेसहाला उंबऱ्यात उभी राहायची, आवाज निघून गेला की आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवायला उठेना. आठवड्यात गालफडं बसली तिची. मला म्हणाली, "रागावलेत. त्यांच्या वस्तूला तू हात लावलास." मी म्हटलं, "आई, मी फक्त सायलेन्सर बदलला गं!" तर म्हणाली, "मग आता ते कशावरून घर ओळखतील?" गाडी मी श्वास घेण्यासाठी दिली होती, आणि इथं माझी आई झुरायला लागली!

धावत गेलो डॉक्टरकडे. "जुना सायलेन्सर कुठंय?"

"तो? तो गेला की!"

"गेला म्हणजे?"

"अहो साहेब, दुकानात काढलेला माल दुकानाचा, नाही नेला तर. तुमच्या तिकडच्या गोदामाचा वॉचमन आहे, सेम मॉडेल, त्याच्या सायलेन्सरची पार चाळण झाली होती. लावून दिला. काय पॅच मारलाय हो तुमच्या वडिलांनी, कंपनीला नसता जमला!"

म्हणजे भूत नाही, वॉचमन! संध्याकाळच्या ड्युटीला आमच्या गल्लीतून जाणारा! तुम्हाला वाटेल, सुटलो. मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आडवा उभा राहून मी त्याची गाडी थांबवली. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, युनिफॉर्म दोन मापं मोठा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. सगळं ऐकून घेतलं आणि रडवेला होऊन म्हणाला, "साहेब, घेऊन जा तुमचा तुम्ही! मला तो नकोच! हा लावल्यापासून तुमच्या दाराशी आलं की गाडी दबते. ना गतिरोधक, ना खड्डा, आपोआप मंद होते! आणि दारात एक म्हातारी बाई उभी असते, माझ्याकडे बघत. मी डोळे मिटून रेस करतो आणि पळतो!"

म्हणजे इकडे आई त्याच्या आवाजाला जीव टाकतेय आणि तिकडे हा आईला भूत समजून पळतोय! मी म्हटलं, चला, दोघांची समोरासमोर गाठ घालू, विषय संपवू. मागे बसलो त्याच्या. दाराशी गाडी थांबली. ख्ख! आणि दारात आई, चहाचा कप हातात. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि म्हणाली, "उशीर झाला आज."

वॉचमननं माझ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. मग टोपी काढली आणि म्हणाला, "हो... जरा झाला."

तो गेल्यावर मी आईला बाजूला घेतलं. "आई, तो वॉचमन आहे. सायलेन्सर अण्णांचा आहे, माणूस अण्णा नाहीत." आई म्हणाली, "मला काय वेड लागलंय? दिसतं मला. पण आवाज दाराशी येऊन थांबला की माझा दिवस संपतो रे. वर्षभरात आज पहिल्यांदा संपला." मी म्हटलं, "मग मी उद्याच परत बसवून घेतो की आपल्या गाडीला!" तर पटकन म्हणाली, "नको, तू नको! त्या आवाजातून तू उतरलास की ते गेलेत हे मला रोज नव्यानं कळतं. परका उतरला तर चालतं." आणि त्या दिवशी तिनं ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवली.

तेव्हापासून रोज साडेसहाला वॉचमन येतो. पहिले दोन दिवस उंबऱ्यातच उभ्यानं चहा प्यायला, 'साहेब, साहेब' करत. मग स्टुलाच्या कडेवर टेकला. मग खुर्चीत बसला, अण्णांच्या. चार दिवसांनी बायकोला म्हणाला, "टीव्हीचा आवाज फार आहे." बायकोनं कमी केला! परवा बाहेर पोस्टमास्तरांना म्हणाला, "खुर्ची आत घ्या." त्यांनी घेतली! मी बायकोला विचारलं, "याला हे सगळं कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "आपण तर नाही सांगितलं..." आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

आणि काल! काल मला यायला उशीर झाला. ढर्रर्र ढाम् करत दाराशी आलो. वॉचमन खुर्चीत, पाय लांब केलेले, आई शेजारी बसून भाजी निवडतेय. त्यानं कप खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि म्हणाला, "ही काय घरी यायची वेळ आहे? आणि केवढा तो आवाज! काही लाज? उद्याच्या उद्या गाडी नीट करून आण."

आता सांगा, छत्तीस वर्षांचा मी, ऑफिसात चार माणसं माझ्या हाताखाली! चांगलं खडसावणार होतो हो त्याला, तोंडही उघडलं होतं... आणि तुम्हाला सांगतो, आईदेखत मान खाली घालून म्हणालो, "चुकलं, अण्णा."