दुरुस्त केलेलं बोट

मुलगी: बाबा, हे माझं चित्र नाही.

बाबा: अगं, तुझंच आहे! काचेत घातलं की जरा वेगळं दिसतं. सकाळपासून त्या फ्रेमवाल्याच्या डोक्यावर बसून करून घेतलंय. अण्णा गेल्यापासून त्यांच्या खुर्चीमागची भिंत बघवत नाही मला. तिथे लावू. हे बघ, खाली तुझी सही.

मुलगी: सही माझी आहे. हात माझा नाही.

बाबा: कुठला हात?

मुलगी: आजोबांचा, उजवा. तू त्याला ब्रश लावलास?

बाबा: जरासा. ते अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरातून भलतीकडेच गेलं होतं गं. बाकी चेहरा, स्वेटरची वीण, सगळं असं उतरलंय की मी बघतच राहिलो. म्हटलं, एवढ्याशासाठी कमी कशाला ठेवायचं?

मुलगी: चुकलं नव्हतं ते.

बाबा: अगं, हात भल्याभल्यांना जमत नाहीत. मी एवढी वर्षं काढतोय, मला अजून...

मुलगी: बाबा, चुकलं नव्हतं! तसंच होतं. वाकडं. आई, तू इकडे ये आणि सांग याला.

आई: काय आरडाओरडा चाललाय? बघू... अहो, हे काय करून बसलात?

बाबा: आता तूही?

आई: अण्णांचं बोट वाकडंच झालं होतं. सांध्यांनी. शर्टाची बटणंसुद्धा मी लावून द्यायचे शेवटी शेवटी.

बाबा: सांधे दुखतात, एवढं मला ठाऊक होतं. वडील होते माझे! मलम कोण आणत होतं दुकानातून?

आई: आणत तुम्ही होतात. चोळायची ही.

मुलगी: शाळेतून आल्या आल्या. त्या पेरावर अगदी हळू चोळायला लागायचं, नाहीतर ओरडायचे.

बाबा: मला कधी दिसलं कसं नाही?

आई: दिसणार कसं? तुमची चाहूल लागली की हात पांघरुणाखाली. ‘तो छापखान्यात दिवसभर मान मोडून येतो, त्यात माझं रडगाणं कशाला,’ म्हणायचे. पण रविवारी तर घरीच होतात की हो.

बाबा: रविवारी आम्ही दोघं गच्चीत रंग घेऊन बसायचो.

मुलगी: आणि आजोबा खाली एकटे. म्हणून मग मी इतर दिवशी त्यांच्यासमोर बसायला लागले. आधी म्हणाले, नुसतं तोंड काढ, हात राहू दे. मग म्हणाले, काढणारच असशील तर आहे तसा काढ, उगाच लाज राखू नकोस. किती वेळा खोडलं मी ते बोट! जमलं तेव्हा एवढे हसले. म्हणाले, आगाऊ आहे लेकाचं, बरोब्बर पकडलंस.

बाबा: मला वाटलं, तू खूश होशील.

मुलगी: एकमेकांच्या कागदाला ब्रश लावायचा नाही. हा नियम कुणी केला होता?

बाबा: मी.

मुलगी: तुझं ते हिरवंगार आकाश मला मुळीच आवडलं नव्हतं. लावला मी ब्रश?

बाबा: नाही लावलास. आण इकडे, काच काढतो. ओल्या कापसाने वरचा रंग अलगद उचलून बघू.

मुलगी: पोस्टर कलर आहे, बाबा. खालचाही निघून येईल. तूच शिकवलंस ना.

आई: एखाद्या फोटोत असेल की हात.

मुलगी: फोटो म्हटलं की हात खिशात. सगळे बघितलेत मी.

बाबा: मग मी बसतो त्यांच्या खुर्चीत. बोट असं वाकवून धरतो. तू परत काढ.

मुलगी: तू मुद्दाम वाकवलंयस, ते कळतं.

(बाबा हात खाली घेतो.)

आई: राहू द्या आता. तिला जरा श्वास घेऊ द्या.

बाबा: चुकलंच माझं. तुझं चित्रही गेलं आणि अण्णांचा हातही. मला तर तो बघायलाही मिळाला असता या चित्रात, आणि मीच... ऐक ना. उद्या रविवार. येशील ना गच्चीत?

मुलगी: येईन की.

बाबा: खरंच?

मुलगी: हो. झालेलं चित्र मात्र मी आईकडे ठेवायला देईन.